धुऱ्यावरची जागल

जठारपेठ, अकोला
१२ जून २०२५

प्रिय मामा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिला तर तुम्ही पत्र परत पाठवाल, म्हणून नुसतं प्रिय मामा. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नाही, मामानंच भाचीच्या पडायचं, ही आपल्याकडची रीत मी पुण्याला शिकताना मैत्रिणींना सांगितली होती. त्यांना वाटलं मी थापा मारते. मग दिवाळीत तुम्ही मला भेटायला आलात आणि होस्टेलच्या फाटकातच वाकलात. तेव्हापासून त्या मला 'देवी' म्हणायच्या.

कानांचं आईकडून कळलं. मशीन शिट्टी मारते म्हणून तुम्ही ते डब्यात ठेवून दिलंय म्हणे. बरं झालं, फोन बंद पडला आणि पत्र सुरू झालं. माझं अक्षर तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलंत, तेव्हा नावं ठेवायची नाहीत.

आता कामाचं. मागल्या पावसाळ्यात ठिपक्यांच्या रोगानं तुमची भेदरं खाल्ली. (आमच्या ऑफिसात टोमॅटो म्हणतात. मी चुकून भेदरं म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.) पानावर काळे ठिपके, फळावर खपल्या, आणि तांब्याची फवारणी करून करून तुमचे हात निळे झाले तरी रोग हटला नाही. तो जिवाणूंचा रोग आहे मामा, एकदा पानात शिरला की बाहेर काढणं कठीण. आमची संस्था यंदा एक वेगळी भुकटी वापरून बघते आहे. ती जिवाणूला मारतच नाही. ती झाडाला जागं करते. झाडाच्या अंगात लढायची ताकद असतेच, पण रोग येतो तेव्हा ते गाफील असतं.

हे शेतकऱ्यांना कसं सांगावं यावर आमच्या बैठकीत नुसता काथ्याकूट झाला. मला एकदम तुमचा मळा आठवला आणि शब्द सापडला: जागल. रानडुकरं रान तुडवून गेल्यावर कोणी जागलीला बसत नाही, आधी बसतो. तसंच हे. हे औषध नाही, ही जागल आहे. रोग दिसायच्या आधी बसवायची. आणि जपून, बरं का. जास्त झालं तर झाड जागून जागून थकतं, वाढ खुंटते.

पुड्या बसच्या पार्सलनं पाठवते आहे. किती पाण्यात किती ते पुडीवर लिहिलंय. यंदा तुमचाच मळा आमचा नमुन्याचा मळा. मामीला सांगा, भाकरीबरोबर ठेचा तयार ठेवा, मी येणारच.

तुमची
वर्षाली


अचलपूर
२८ जून २०२५

चि. वर्षालीस,
मामाचे पाया पडणे.

पुड्या पोचल्या. कंडक्टरनं विचारलं, बावाजी, काय आहे यात? मी म्हटलं, जागल्या आहे. तो बघतच राहिला.

तुझं पत्र मी तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला ऐकू येत नसल्यामुळे मी जरा जास्तच मोठ्यानं वाचतो, त्यामुळे ते शेजारच्या मळ्यातल्या वामनरावालाही ऐकू गेलं. तो आमच्या मधल्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बसला आणि म्हणाला, परत वाच. जागल म्हटल्यावर त्याला लगेच समजलं. आजवर किती साहेब येऊन गेले, काय काय नावं सांगून गेले, कोणाचं डोक्यात राहिलं नाही. तुझा एक शब्द राहिला. मला तुझा अभिमान वाटला, हे तोंडावर सांगितलं नसतं, कागदावर सांगतो.

आता एक विचारतो. मी आणि वामनरावानं असं ठरवलं आहे की जागल चारी धुऱ्यांवर बसवायची. म्हणजे मळ्याच्या कडेच्या ज्या ओळी आहेत, चारी बाजूंनी, त्यांना हे पाणी द्यायचं. आतल्या झाडांना नाही. मागल्या वर्षी रोग त्याच्या बाजूनं माझ्याकडे आला असं मी म्हणतो आणि माझ्या बाजूनं त्याच्याकडे गेला असं तो म्हणतो, पण धुऱ्यावरून आला हे दोघांनाही कबूल आहे. जागल्या वावराच्या मधोमध कोणी बसवत नाही. आणि तूच लिहिलं आहेस की जपून वापरा. अशानं तुझ्या पुड्या दोघांच्या मळ्याला पुरतील, म्हणून अर्ध्या त्याला दिल्या आहेत.

हे बरोबर आहे ना? बरोबर असेल तर तसं कळव. चूक असेल तर लवकर कळव, कारण रोपं लागवडीला आली आहेत.

मामी म्हणते, ठेचा तयार आहे, ठेचा खाणारी कुठं आहे.

पाया पडतो.
तुझा मामा
उत्तमराव


जठारपेठ, अकोला
९ जुलै २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र मिळालं. घाईत लिहिते आहे, राग मानू नका.

मामा, 'जागल' गाजली! साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं की वर्षालीच्या या एका शब्दानं आपलं अर्धं काम झालं. आता याचं पत्रक निघणार आहे, तुमच्या-आमच्या दोन्ही जिल्ह्यांत वाटायला. वर मोठ्या अक्षरांत 'औषध नव्हे, जागल' आणि खाली तुमच्या मळ्याचं नाव. सप्टेंबरच्या शेवटी शिवार फेरीही तुमच्याच मळ्यात घ्यायची ठरली. गावोगावचे शेतकरी येतील, तुमच्या ओळींतून फिरतील, आणि तुम्ही त्यांना जागल सांगायची.

तुम्ही आणि वामनकाका मिळून करताय हे वाचून फार बरं वाटलं. जागलीचं तुम्हाला मी काय शिकवणार? तुमचं जन्माचं काम ते. तुम्ही ठरवलंय ते बरोबरच असणार.

गाडी खाली उभी आहे, तीन गावं करायची आहेत आज. मामीला नमस्कार.

वर्षाली


अचलपूर
२६ ऑगस्ट २०२५

चि. वर्षालीस,
मामाचे पाया पडणे.

पत्राला उशीर झाला. तू दोन कार्डं पाठवलीस, दोन्ही मिळाली.

पाऊस यंदा सारखा लागून आहे. पोळा झाला. आपल्याकडे आता बैल नाहीत, तरी तुझ्या मामीनं मातीची जोडी आणून पुजली आणि पुरण मला एकट्याला खावं लागलं. तिचा गुडघा जिना चढताना दुखतो. तुझ्या आईला सांग, लिंबाचं लोणचं यंदा पाठवणं होणार नाही, बरणीला बुरी आली.

भेदरं उभी आहेत. धुऱ्याच्या ओळी पाहण्यासारख्या आहेत. पानं काळीभोर हिरवी, फळ गुळगुळीत. रस्त्यानं येणारा-जाणारा थांबून बघतो.

शिवार फेरीचं एक सुचवतो. आमच्याकडचा रस्ता चिखलाचा आहे. तुझ्या साहेब लोकांचे बूट खराब होतील. दुसऱ्या कोणाचा मळा डांबरी रस्त्याला लागून असेल तर तिकडे घेतली तरी मला काही वाटणार नाही. तसंच पत्रकावर माझं नाव कशाला? मी तिथं कोण? तुझं नाव घाल.

वामनराव सध्या चहाला येत नाही. त्याला काम असेल.

पाया पडतो.
मामा


जठारपेठ, अकोला
४ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून मी आणि आई खूप हसलो. आई म्हणाली, माझा भाऊ पहिल्यापासून असाच, शाळेत पहिला आला तेव्हा बक्षीस घ्यायच्या वेळी संडासात लपला होता. मामा, इतकं लाजायचं नसतं. रस्ता चिखलाचा आहे तर येणारेही शेतकरीच आहेत, कोणी मखमलीचे जोडे घालून येत नाही.

धुऱ्याच्या ओळी अशा तर आतल्या कशा असतील! कडेच्या ओळींना तर वारापाऊस जास्त लागतो.

पत्रक छापून आलं. एक तुमच्यासाठी सोबत ठेवलंय. नाव काढायचं नाही, आता छापलं. फेरी सत्तावीस तारखेला. साहेब स्वतः येणार आहेत. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि या फेरीवर बरंच आहे. तुम्ही माझी लाज राखाल याची मला काळजीच नाही.

वर्षाली


अचलपूर
तारीख घातली नाही

वर्षाली,

मी पार्बता मामी लिहून राहिली. माह्यं लिहिनं असंच आहे, समजून घेजो. त्यायले मालूम नाई का मी लिहून राहिली.

पोरी, आतलं सारं वावर गेलं. कडीकडीनं हिरवं आहे अन् आत पाय टाकला का सारं काळंठिक्कर. पानं करपून लोंबून राहिले. फळाले खपल्या. सकाळी उठून तुहे मामा वाकून वाकून ते फळं वेचतेत अन् गड्ड्यात टाकतेत, कोनाले दिसू नये म्हनून. त्या वामनरावाचंबी तसंच झालं. तो आला, धुऱ्यावर उभा राहिला, काही बोलला नाई, अन् निघून गेला. बोलला असता तं बरं झालं असतं.

मी म्हटलं, पोरीले सांगून द्या. तं म्हन्तेत, कावून सांगू? तिनं लिहिलं तसंच मी केलं, मंग चुकलं असंन तं मलेच समजलं नसंन. अन् पत्रकावर तिचा शब्द छापला, साऱ्यायच्या म्होरं तिची मान खाली जाईन.

आता त्यायनं काय ठरवलं ते आयक. खुर्च्या धुऱ्यावरच टाकाच्या. चहा तिथंच, भाषन तिथंच. आत कोनाले जाऊ नाई द्याचं, म्हनाचं का काल फवारा मारला आहे. त्या मानसानं जन्मात सडकं फळ वरच्या थरात लपवून इकलं नाई. बजारातल्या हर्रासात त्यायच्या कॅरेटचं वरचं फळ तेच खालचं, असं व्यापारी म्हन्तेत. तो मानूस आता वावर लपवून राहिला, तुह्यासाठी.

मले राहावलं नाई म्हनून लिहिलं. तुले राग आला तं येऊ दे.

मामी


जठारपेठ, अकोला
१७ सप्टेंबर २०२५

मामा,

मामीनं मला सगळं लिहिलं. त्यांच्यावर रागावू नका. रागवायचंच तर ते माझ्यावर.

मी तुमचं जूनचं पत्र काढून परत वाचलं. परत म्हणणंही खोटं आहे. ते मी पहिल्यांदाच पुरतं वाचलं. जुलैत त्यातलं मी एवढंच वाचलं होतं की तुम्हाला माझा शब्द आवडला. पुढं तुम्ही सरळ विचारलं होतंत, फक्त कडेच्या ओळींना दिलं तर चालेल का, चूक असेल तर लवकर कळव. आणि मी काय लिहिलं? तुम्ही ठरवलंय ते बरोबरच असणार. मामा, ते मी तुमच्यावरच्या विश्वासानं लिहिलं नाही. मला स्वतःचं कौतुक सांगायची घाई होती.

आता ऐका, जे मी जूनमध्ये सांगायला हवं होतं ते. त्या पाण्यानं जे झाड भिजतं तेच झाड जागं होतं. ते शेजारच्या झाडाला राखत नाही. धुऱ्यावरच्या ओळी फक्त स्वतःपुरत्या जाग्या राहिल्या आणि आतली झाडं झोपलेलीच होती. शिवाय हा रोग डुकरांसारखा धुरा ओलांडून येतोच असं नाही. तो बियाण्यातून, रोपातून आत आलेला असतो आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावरून पानावर जातो. आपण वेशीवर पहारा ठेवला आणि चोर घरातच होता. म्हणजे जागल हा शब्दच चुकीचा. ऐकायला गोड, आणि चुकीचा. जो जो माणूस खरोखर जागलीला बसला आहे तो तुम्ही केलंत तेच करेल. जिनं कधी रान राखलं नाही तीच पोरगी असा शब्द शोधू शकते.

अजून एक सांगते, कारण ते लपवलं तर हे पत्र लिहून उपयोग नाही. मामीचं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं माहीत आहे? तुमचं वावर नाही आलं. वामनकाका नाहीत आले. पहिलं आलं ते हे की खुर्च्या धुऱ्यावर टाकायची युक्ती चांगली आहे. पूर्ण एक दिवस मी तीच युक्ती मनात घोळवत ऑफिसात बसले. बाजूला पत्रकांचे गठ्ठे होते. मला माझी इतकी लाज वाटली की मी डबा न खाता घरी आले.

काल साहेबांना सांगितलं. त्यांनी पत्रकांच्या गठ्ठ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, गठ्ठे उघडू नका, फेरीचं तुम्ही बघा. म्हणजे काय ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

फेरी होऊ द्या मामा. लोकांना आत नेऊ द्या. मला तुमच्या पाया पडून माफी मागायची आहे आणि तीही सोय नाही.

वर्षाली


अचलपूर
२१ सप्टेंबर २०२५

चि. वर्षालीस,
मामाचे पाया पडणे.

पत्र वाचलं. या वेळी मनातल्या मनात वाचलं.

तुझी चूक तू लिहिलीस, आता माझी ऐक. तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनाला ते पटलं नव्हतं. पाऊस तर मधोमधही पडतो, असं मी तुझ्या मामीला म्हटलं होतं. मनात आलं की आणखी एकदा विचारावं. पण एकदा विचारून झालं होतं. दुसऱ्यांदा विचारलं तर शिकलेली भाची म्हणेल, मामाला कानानं ऐकू येत नाही आणि आता डोक्यातही शिरत नाही. ती लाज मला आडवी आली. त्या लाजेपायी माझं वावर गेलं त्याचं मी बघून घेईन, पण वामनरावाचं गेलं. त्यानं पुडी माझ्या शब्दावर घेतली होती, तुझ्या नाही. तो रोज माझ्या समोरून जातो आणि मी वाकून तण काढत असल्याचं दाखवतो.

खुर्च्या मधोमध टाकतो. तू ये.

पाया पडायचं मनात आणू नको. रीत ती रीत.

मामा


जठारपेठ, अकोला
३० सप्टेंबर २०२५

मामा,

फेरी झाली त्या दिवशी आपलं दोघांचं बोलणंच झालं नाही, तुम्हाला ऐकू आलं नाही आणि माझ्याच्यानं बोलवलं नाही. म्हणून लिहिते.

गाडीतून उतरताना मी मनाशी ठरवून आले होते की रीत गेली खड्ड्यात, आधी वाकायचं. पण तुम्ही फाटकातच उभे होता, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि मी खाली उतरायच्या आत तुम्ही सगळ्यांच्या देखत माझ्या पायांशी वाकलात. नेहमीसारखंच. होस्टेलच्या फाटकात मला हसू आलं होतं. या वेळी माझे पाय जमिनीत जातील तर बरं असं झालं. तुमचं वावर माझ्यामुळे जळलं होतं आणि तुमचा हात माझ्या चपलेवर होता.

मग आपण आत गेलो. धुऱ्याच्या हिरव्या ओळी ओलांडल्या आणि लोक वाकून वाकून बघू लागले. मी सगळं सांगितलं. शब्द माझा, मामांनी विचारलं होतं, मी पत्र नीट न वाचता उत्तर दिलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, किती कळलं ठाऊक नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

वामनकाका मागं उभे होते. ते बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नसणार, म्हणून लिहून ठेवते.

"पोरी, जागल्या झोपला असता तं मी त्याले बोललो असतो. इथं तं जागल्या रातभर जागला. त्याले उभंच चुकीच्या जागी केलं."

एवढं बोलून ते चहा न घेता गेले. त्यांचं बरोबर होतं.

पण मामा, नंतर काय झालं ते बघितलंत का? तेल्हाऱ्याकडून आलेला एक म्हातारा हिरवी ओळ आणि तिच्या मागची जळकी ओळ यांच्या मधे एकेक पाय टाकून उभा राहिला. एका हातात इकडचं पान, एका हातात तिकडचं. मग एकेक करून सगळे तिथं येऊन तसेच उभे राहिले. माझं बोलणं कोणाच्या लक्षात राहील न राहील, ती दोन पानं राहतील. साहेब जाताना म्हणाले, पत्रक नवं लिहा. माझ्या नोकरीबद्दल बोलले नाहीत.

नवं पत्रक लिहिलं आहे, हातानं, सोबत आहे. त्यात एकही गोड शब्द नाही. रोग दिसायच्या आधी, रोपं वाफ्यात असल्यापासून, मळ्यातल्या प्रत्येक झाडाला. एवढंच. तुम्ही वाचून हो म्हणाल तेव्हाच ते छापायला जाईल.

वर्षाली


अचलपूर
८ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षालीस,
मामाचे पाया पडणे.

वामनराव काय बोलला ते तू लिहिलंस ते बरं केलं. मी तो कागद घेऊन त्याच्या मळ्यात गेलो. म्हटलं, हे तू बोललास म्हणे, मला ऐकू आलं नाही, आता माझ्या तोंडासमोर बोल. त्यानं कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला. मग मी त्याला तुझं नवं पत्रक वाचायला दिलं. तो बाजेवर बसून वाचत होता आणि मी उभा होतो, तर त्यानं सरकून जागा केली. चहा त्याच्या घरचा झाला. माझ्याकडे तो अजून येत नाही.

पत्रक आम्ही दोघांनी मिळून वाचलं. दोनदा वाचलं. आता विचारतो. लागवड झाली की पाच-दहा रोपं मरतातच. त्या मोकळ्या जागी आपण मागून नवी रोपं लावतो. त्या मागच्या रोपांनाही आधी हे पाणी दाखवायचं का? का आजूबाजूची जागी झालेली असतात म्हणून चालतं? तुझ्या पत्रकात प्रत्येक झाड आहे, पण ही मागून आलेली झाडं त्यात धरली आहेत का ते आम्हा दोघांना कळलं नाही.

प्रश्न सोपा असेल. तुला हसू येईल. तरी विचारतो, आणि उत्तर कळलं नाही तर आणखी एकदा विचारणार आहे.

रब्बीच्या भेदराचं बी आणून ठेवलं आहे, माझं आणि वामनरावाचंही. वाफे तयार आहेत. तुझं उत्तर येईपर्यंत दोघंही बी टाकत नाही. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाच.

पाया पडतो.
मामा